चिंचोक्याचे अनुपान

प्रवासाचे वर्णन लिहिणाऱ्याने निदान एक डोंगर ओलांडलेला असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. वैरागहून सोलापूरला जाताना डोंगर लागत नाही. हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा गेलो याची गणती नाही; परंतु त्या जाण्यांना प्रवास म्हणता येणार नाही. कचेरीत काम असे, ते होत नसे, आणि मी परत येई. या खेपेस मात्र चार दिवस राहिलो, एक परकी भाषा कानांवर घेतली आणि एका पात्राची अस्थानी पूजा केली. म्हणून हे लिहितो.

जाण्याचे कारण आधी सांगणे उचित. माझी पत्नी सुमती हिच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. सोलापूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने शिरेतून द्यायचे औषध सहा वेळा घ्यावे, असे ठरले. दोन वेळा झाले. दुसऱ्या वेळेनंतर तिच्या तोंडात इतके फोड आले की गार केलेली पेजही गिळवेना. फोड बरे झाले. चव परत आली नाही. साखर आणि मीठ यांतील भेद तिला डोळ्यांनी करावा लागे. तिसरी वेळ गुरुवारी होती. आदल्या रविवारी मी देवपूजा करीत असता ती दाराशी येऊन उभी राहिली.

"गुरुवारी मी जाणार नाही. तुमचं आवरलं की फोन करून सांगा त्यांना."

"डॉक्टरांनी सहा सांगितल्या आहेत."

"सहा त्यांनी सांगितल्यात. तोंड माझं आहे."

चाळीस वर्षे संस्कृत शिकवल्यामुळे मला प्रतिवादाची सवय आहे. या विधानात खंडन करण्याजोगे काही सापडले नाही. मी घंटा वाजवली व आरती केली. मग रुग्णालयात फोन करून ती नको म्हणते एवढे कळवले; वेळ मात्र रद्द केली नाही.

परंतु माझ्या मनात एक आशा होती. प्रज्ञा नावाची माझी जुनी विद्यार्थिनी सोलापुरात औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवते आणि संशोधन करते. सुमतीला भेटायला आली असता तिने आपले काम समजावून सांगितले होते. शिरेतून दिलेले औषध सर्व शरीरात फिरते. गाठीला मारते तसे तोंडाच्या नाजूक त्वचेलाही मारते, म्हणून फोड. त्याऐवजी ते औषध चिंचोक्यातून काढलेल्या डिंकाच्या मण्यात कोंडायचे आणि मणी गिळायचा. पोटातल्या आम्लात तो विरघळत नाही. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तेथील जंतू डिंक खातात, मणी फुटतो आणि औषध नेमके तेथे सुटते. डिंक वनस्पतीचा असल्याने पचून जातो. मागे काही उरत नाही. अशा पदार्थांना शास्त्रात बहुवारिक म्हणतात. एकाच कणाची आवर्तने जोडून झालेली ती लांब माळ असते. जपाची माळही याहून वेगळी नसते, असे मी म्हणालो. प्रज्ञा हसली आणि हो म्हणाली. आपल्या वैद्यकात औषधाइतकेच महत्त्व अनुपानाला आहे, म्हणजे औषध मधातून द्यावे, तुपातून की ताकातून, याला. चिंचोका हे अनुपान मला मनोमन पटले.

"आपण तिच्याकडे जाऊ," मी सुमतीला म्हणालो. "ते औषध तुला सोसेल."

"बघायला येते," ती म्हणाली. "पटलं नाही तर गुरुवारी सकाळच्या गाडीनं परत. मध्ये शास्त्रार्थ नको."

सोमवार. पूर्व भाग

निघताना मारुतीच्या देवळातील चिंचेखालचे पायलीभर चिंचोके निवडून, धुऊन, वाळवून पिशवीत घेतले. रिक्त हस्ते जाऊ नये. प्रज्ञाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि मग अत्यंत नम्रपणे सांगितले की प्रयोगाचा डिंक शुद्ध केलेल्या पुडीच्या रूपात विकत येतो.

"मग यांचं काय करायचं?" मी विचारले.

"अव्वाला देऊ की, सर. ती सोडायची नाही."

अव्वा म्हणजे प्रज्ञाची घरमालकीण. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती आहे. त्यांच्यात आजीला अव्वा म्हणतात. प्रज्ञा वर राहते (आम्ही तिच्याकडेच उतरलो), अव्वा खाली, आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागांचा आवाज सकाळी सुरू होतो तो थांबतच नाही. संध्या करताना मला प्रथम व्यत्यय वाटला. दुसऱ्या दिवसापासून मागाच्या ठेक्यावर माझा जप चालू लागला आणि संख्या नेहमीपेक्षा लवकर पुरी झाली. हे शास्त्रसंमत आहे की नाही, हे मी अद्याप पाहिलेले नाही.

आमच्याकडे पाहुण्याला प्रथम पाणी आणि मग चहा विचारतात. अव्वाने दोन्ही वगळले.

"तिन्नारा, पंतुलुगारू?"

जेवलात का, असा त्याचा अर्थ. पंतुलुगारू म्हणजे गुरुजी. मी जेवलो आहे, असे सांगितले. अव्वाने ते ऐकले आणि ताट वाढले.

चिंचोके तिने ओंजळीत घेऊन वास घेतला. "हे बघ पोरी, आमचे मालक खळीत चिंचोक्याचं पीट घालायचे. सूत कसं ताठ व्हायचं! तू आता त्याच्यात औषध घालती. माणूस पण ताठ झाला पायजे, काय?"

"तेवढंच करायला बसलेय, अव्वा."

"किती वर्सं बसनार?"

प्रज्ञा उत्तर टाळून पाणी आणायला उठली. मी त्या वेळी त्याकडे लक्ष दिले नाही, ही चूक.

जेवणात भात आणि चारू होते. चारू म्हणजे चिंचेचे पातळ, मिरे घातलेले सार. मी सुमतीला खुणेने सांगितले की तिखट असेल, जपून. तिने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

"काय झालं? भाजलं का?"

"नाही हो," ती म्हणाली. "आंबट आहे."

"मग नको घेऊस."

"अहो, आंबट आहे हे मला *कळलं*."

अव्वाने काही न विचारता वाटी पुन्हा भरली. तिला आमच्या घरची हकिगत ठाऊक नव्हती. वाटी रिकामी आहे एवढे तिला दिसत होते.

मंगळवार. प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत प्रवेश करताना पादत्राणे काढायची नसतात, उलट घालायचीच असतात. मी दाराशी वहाणा काढल्या, त्या प्रज्ञाने मला पुन्हा घालायला लावल्या. तोंडाला मुसके, डोळ्यांना चष्मा, अंगात पांढरा डगला. सुमतीने माझ्याकडे पाहून म्हटले, "आज पहिल्यांदाच डॉक्टर दिसताय. काही तपासू नका फक्त."

विषारी औषध काचेच्या बंद कपाटात हाताळतात. तेथे आम्हांस मज्जाव होता. आमच्यासाठी प्रज्ञा औषध न घातलेले रिकामे मणी करून दाखवणार होती. शेजारच्या टेबलावर एक विद्यार्थी वेगळे पांढरे चूर्ण ढवळत होता. ते कशाचे, म्हणून मी विचारले.

"त्याचं बहुवारिक खेकड्याच्या आणि कोळंबीच्या कवचातून काढतात, सर. तेही निसर्गातलंच आहे. औषध वाहून न्यायला चांगलं असतं."

मी त्या टेबलाला नमस्कार करून दोन पावले मागे झालो. ज्याने रोग्याचे हित होईल त्याचा द्वेष करू नये. परंतु समीप उभे राहावे असेही नाही.

आमच्या टेबलावरची क्रिया अशी. चिंचोक्याचा डिंक आणि समुद्रशैवालापासून मिळणारा दुसरा डिंक पाण्यात घोटून एकजीव करतात. ते दाट द्रावण मोठ्या सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या पाण्यात सोडतात. थेंब पाण्याला लागला की त्याचा गोळा बनतो, तळाशी जातो, आणि पुन्हा विरघळत नाही. मी पाहत राहिलो. एक थेंब, एक मणी. मला हात जोडावेसे वाटले आणि मी ते जोडले.

सुमती वाकून पाहत होती. तिचा चष्मा नाकावर घसरला होता.

"प्रज्ञा, ही बुंदीच आहे की गं."

"हो काकू. थंड बुंदी."

"शेपट्या येताहेत तुझ्या बुंदीला."

प्रज्ञाने पाहिले. खरोखरच पुष्कळ मण्यांना बेडकाच्या पिलासारखी बारीक शेपटी होती. "हो ना. महिनाभर तेच चाललंय. शेपटीतून औषध लवकर गळतं. सुई बदलून बघितली."

"सुईचं काय घेऊन बसलीस! पीठ दाट झालंय, आणि हात फार खाली धरतेस. थेंबाला गोल व्हायला वेळ तर दे. हनुमान जयंतीला दोनशे माणसांची बुंदी पाडते मी; झारा किती वर धरायचा ते कढई सांगते. आण इकडे."

यापुढे तासभर माझी कोणाला आठवण नव्हती. सुमतीने द्रावणात थोडे थोडे पाणी घालून घेतले, सुई वर करायला लावली, पुन्हा खाली, पुन्हा किंचित वर. मधूनमधून "अं हं" आणि "आता बघ" एवढेच ऐकू येई. प्रज्ञा प्रत्येक बदल वहीत लिहीत होती: अंतर इतके, पाणी इतके. शेवटच्या खेपेला ताटलीत उतरलेले मणी मोहरीसारखे गोल होते.

"काकू, कसं जमलं हे?"

"जमलं कुठलं? अजून दहात दोन तिरके आहेत."

तिचा आवाज मी कित्येक आठवड्यांनी असा ऐकला.

सायंकाळी सुमती अव्वाकडे बसली असता मी प्रज्ञाला गच्चीवर गाठले आणि विचारले, गुरुवारच्या आत हे मणी मिळतील का.

"सर, हे माणसाला द्यायचं औषध नाही."

"तू तर म्हणाली होतीस..."

"होईल, असं म्हणाले होते. अजून उंदरालाही दिलेलं नाही. परवानग्या आहेत, तपासण्या आहेत. वर्षं जातील. कदाचित होणारही नाही."

मी पुढे जे केले ते येथे लिहिण्याचा संकोच आहे, म्हणूनच लिहितो. मी तिला म्हणालो, "मी तुला सहा वर्षे शिकवले. तुझ्याकडून कधी काही घेतले नाही. ही माझी गुरुदक्षिणा समज. सुमतीपुरते थोडे दे."

प्रज्ञाने दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला घेतले. यंत्रमाग चालू होता. "उद्या औषध घातलेल्या मण्यांची चाचणी आहे," ती शेवटी म्हणाली. "ती तुम्ही बघा, सर. मग उत्तर देते."

बुधवार. सहा पात्रे

चाचणीच्या यंत्रात काचेची सहा पात्रे ओळीने बसवलेली होती. त्यांत जठरातल्यासारखे आम्ल पाणी, शरीराच्या उष्णतेइतके कोमट. प्रत्येकात एक बारीक रवी फिरते. मणी आत सोडायचे, दोन तास घुसळायचे, आणि दर अर्ध्या तासाने थोडे पाणी काढून दुसऱ्या यंत्राला दाखवायचे. त्यातून प्रकाश किती पार होतो यावरून ते यंत्र पाण्यात किती औषध उतरले ते सांगते. या दोन तासांत औषध गळता कामा नये. गळले तर मण्याचा उपयोग नाही.

मणी काढायला प्रज्ञा आतल्या खोलीत गेली. माझ्यासमोर कोमट पाण्याने भरलेली, स्वच्छ, ओळीने मांडलेली सहा पात्रे होती. ज्याच्या हातून आयुष्यभर कलशपूजन होत आले आहे, त्याने अशा वेळी काय करावे? खिशात पूजेच्या पुडीतली हळद होती. चिमटीची चिमटी, डोळ्यांना दिसणार नाही इतकी अल्प, मी पहिल्या पात्रात वाहिली आणि यश मागितले. बाकीच्या पाचांना मानसपूजा केली. तेवढ्यात प्रज्ञा आली, म्हणून मी भिंतीलगतच्या खुर्चीवर सुमतीशेजारी जाऊन बसलो.

अर्ध्या तासाने पाच पात्रांचे आकडे उत्तम आले. पहिल्याचा वाईट आला. प्रज्ञाने पुन्हा पाहिले. मग पुन्हा. तासानेही तेच.

"एकातच गळतंय," ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. "मणी एकाच घाण्याचे, पाणी एकच. असं कसं होईल? सगळंच सोडून द्यावं लागणार की काय..."

मी वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. सत्य बोलण्यास मला विलंब झाला, तो सुमारे पाऊण तासाचा. तोही मी संपवला नाही.

"अहो," सुमती म्हणाली, "तुमचं बोट पिवळं का आहे?"

मी उभा राहून सर्व सांगितले. प्रज्ञाने तोंडावरचे मुसके खाली ओढले. मला वाटले ती रागावेल. ती आधी हसली, मग तिने डोळे पुसले, आणि मग पहिल्या पात्रासमोर जाऊन वाकून पाहिले.

"यंत्राला हळद आणि औषध यांतला फरक कळत नाही, सर. पाण्यात काहीतरी उतरलंय, एवढंच त्याला दिसतं." ती वळली. "आता दक्षिणेचं. मी नाही देणार."

सुमतीने माझ्याकडे पाहिले. दक्षिणेविषयी तिला ठाऊक नव्हते.

"एका चिमटीनं या काचेच्या पोटात एवढा गोंधळ झाला. काकूंच्या पोटात काय होईल, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मणी मध्येच फुटला, सगळं औषध एकदम सुटलं, किंवा सुटलंच नाही आणि गाठ वाढली, तर? गुरुवारी देतात ते औषध वाईट आहे, पण ते पुष्कळ लोकांनी घेतलेलं आहे. त्यानं काय बिघडतं, काय सुधारतं, ते लिहून ठेवलेलं आहे. तुम्हीच शिकवलंत ना, पदाचा अर्थ माहीत नसेल तर अंदाजानं सांगायचा नाही म्हणून? छडी मारली होतीत मला त्याबद्दल."

मला ती छडी आठवत नव्हती. तिला आठवत होती.

जिन्याने उतरताना सुमतीने कठड्याला धरून थांबून विचारले, "दक्षिणा मागितलीत तिच्याकडं?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"हो."

"मला विचारलंत?"

मी नाही म्हणालो. ती आणखी दोन पायऱ्या उतरली.

"डॉक्टर सांगतात, तुम्ही सांगता, शेजारच्या वहिनी काढा सांगतात. सगळ्यांना सगळं माहीत. माहीत नाही म्हणाली ती ही एकटी पोर." मग थोड्या वेळाने: "त्या सहांपैकी पाच बरोबर आली ना?"

"पाचही."

"बरं."

गुरुवारविषयी ती काही बोलली नाही आणि मी विचारले नाही. रात्रीच्या जेवणाआधी प्रज्ञाने मात्र एक गोष्ट सुचवली. इंजेक्शन देताना तोंडात बर्फ धरला तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तेथे औषध कमी पोचते, आणि फोड कमी येतात असा अनुभव आहे. काही औषधांबरोबर मात्र गार अजिबात चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाही. तिने माझ्यासमोरच रुग्णालयात फोन लावून विचारले. सुमतीच्या औषधाला चालतो, असे उत्तर आले.

एवढ्या दिव्य शास्त्राच्या दाराशी जाऊन मी बर्फ घेऊन परतणार होतो.

गुरुवार

सकाळी वैरागची गाडी साडेआठला होती, रुग्णालयाची वेळ नऊची. मी दोन्ही पिशव्या भरून जिन्यात ठेवल्या आणि सुमतीची वाट पाहू लागलो. ती खाली आली, पिशव्यांकडे पाहिले आणि अव्वाच्या दाराशी गेली.

"अव्वा, बर्फ आहे का हो?"

"हाय की. किती पायजे?"

अव्वाच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे दोन साचे होते. त्यांना खेटून कागदात गुंडाळलेले काहीतरी होते, ज्याचा वास समुद्राचा होता. अव्वाने साचा आपटून तुकडे थर्मासात भरले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "नळाचं उकळलेलं पानी हाय, पंतुलुगारू. बाजूचं काय इचारू नका."

मी विचारले नाही. थर्मास मीच धरला.

रुग्णालयाच्या त्या दालनात आठ खुर्च्या आहेत. सात भरलेल्या होत्या. एक बाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. सुई एका हाताला, शेंगा मांडीवर. आमच्याकडे घरीही कोणी इतक्या शांतपणे मटार सोलत नाही. सुमती आठव्या खुर्चीवर बसली. तिने थर्मास उघडायला लावून बर्फाचा तुकडा तोंडात धरला आणि गाल फुगवून बसली.

सिस्टर औषधाची बाटली घेऊन आल्या. मागच्या दोन्ही वेळी सुमतीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी दिले होते: भूक कशी आहे, झोप लागते का, कोणत्या हाताची शीर चांगली आहे. त्यांनाही तीच सवय झाली होती. त्या माझ्याकडे वळल्या.

"काय गुरुजी, मागं तुम्ही फोनवर म्हणालात, आजी नको म्हणतात. लावायचं ना आज?"

उत्तर माझ्या ओठांवर आले. मी थर्मासचे झाकण लावले, घट्ट फिरवले, आणि सुमतीकडे पाहिले. सिस्टर थांबल्या. सुमतीच्या तोंडात बर्फ होता. तिला बोलता येत नव्हते.

तिने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि डावा हात पुढे केला.